नोझल फुंकलं आणि पाय गेले

मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल त्रिकोण असला की अति विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा, हे मी दरवर्षी आठवीच्या पोरांकडून घोकून घ्यायचो. ज्याला येत नसे त्याला अंगठे धरून उभं करायचो. एवढं करून निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी लाल त्रिकोणाच्या औषधानं भरलेल्या पंपाचं नोझल तोंडात घालून फुंकणारा मीच. हसा, खुशाल हसा. गावाचं हसून झालेलं आहे.

नोझल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पाठीवर पंप, पंपाला नळी, नळीला दांडी आणि दांडीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी टोपी. तिच्या भोकातून फवारा उडतो. भोक मोहरीहून बारीक. त्यात कचरा अडकला की फवारा बंद. मग आमच्याकडचा माणूस टोपी काढतो, ओठांत धरतो, फुंकतो, थुंकतो आणि परत बसवतो. माझा बाप तेच करायचा. टाचणी कधी हाताशी नसते, तोंड कायम असतं.

त्या दिवशी ते तुंबलं याला कारण माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान, शेताला शेत लागून, आणि माझी वस्तू नेऊन तिची वाट लावून परत करायची हा त्याचा लहानपणापासूनचा धर्म. पाटी नेली तर फुटकी आली, सायकल नेली तर पंक्चर. माघात त्यानं माझा पंप नेला, त्यातून बुरशीवरची पावडर मारली आणि न धुता आमच्या ओट्यावर आणून ठेवला. माझ्या कांद्यावर थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडलेली, मी घाईत औषध भरून निघालो. दोन वाफे होतात न होतात तोच नोझल बंद. काढलं, फुंकलं, बसवलं. परत बंद. असं सात-आठ वेळा झालं आणि प्रत्येक फुंकेमागं मी चुलतभावाला एकेक शिवी हासडत होतो. शिवी द्यायला तोंड उघडावं लागतं, हे त्या वेळी माझ्या विज्ञानात बसलं नाही. त्यात पंपाचं झाकण ढिलं, पाठीवर सदरा ओलाचिंब. मला वाटलं घाम असेल. माघातल्या सकाळी, थंडीत, घाम!

दुपारी जेवायला बसलो तर ताटातली भाकरी धुक्यात गेली. तोंडाला लाळ सुटली ती थांबेना. बायको म्हणाली, अवो, कालवण अजून वाढलंसुद्धा न्हाई. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी आडवा. तिनं आरडाओरडा केल्यावर सगळ्यात आधी कोण पळत आला, तर तोच. त्यानं मला स्वतःच्या पिकअपमध्ये घातलं, पारनेरात दाखवलं, तिथून सुप्यावरून नगरला नेलं. सगळ्या रस्त्यानं मी ओकत होतो आणि मधल्या वेळात त्याला शिव्या देत होतो, असं बायको सांगते. सुप्याच्या चौकात ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा शेजारच्या कंपनीच्या बसमधले कामगारसुद्धा खिडकीतून ऐकत होते म्हणे.

दवाखान्यात आठ दिवस काढले. त्या विषावर उतारा म्हणून जे इंजेक्शन देतात त्यानं माणूस वाचतो, पण जास्तीचं द्यावं लागलं की काही काळ भ्रमिष्ट होतो. मी त्या वॉर्डात शाळा भरवली. हजेरी घेतली. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ बोलायच्या स्थितीत नव्हते, त्यांची तीन दिवस गैरहजेरी लावली. एका शिकाऊ डॉक्टराला न्यूटनचा तिसरा नियम विचारला, त्याला येईना, तेव्हा त्याला अंगठे धरायला लावले. तो बिचारा खरोखर वाकला आणि नर्सनं हाक मारेपर्यंत तसाच राहिला. मला यातलं काही आठवत नाही, पण असं वागणं माझ्या स्वभावाला धरून आहे, त्यामुळे खरं असावं.

तिथली एक डॉक्टरीण माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. घरी सोडताना तिनं मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं, की यातली काही विषं उतरली असं वाटतं, पण दोन-तीन आठवड्यांनी मागून नसांवर येतात. पायाला मुंग्या आल्या, पोटऱ्यांत गोळे आले, तर त्याच दिवशी या.

मी म्हणालो, "पोरी, मी विज्ञान शिकवलंय."

ती म्हणाली, "मलाच शिकवलंय, सर. म्हणून तर सांगतेय."

घरी आलो तर बघायला येणाऱ्यांची रीघ. शहाळी, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येक जण जाताना कानाशी लागून विचारणार, मास्तर, खरं काय झालं ते सांगा. एवढा शिकलेला माणूस नोझल फुंकेल यावर कोणाचा विश्वासच बसेना. शेवटी मी ते नोझल धुऊन काचेच्या पेल्यात ठेवलं आणि येईल त्याला दाखवू लागलो. आयुष्यभर लोकांनी मला हुशार समजावं म्हणून धडपडलो आणि आता आपला मूर्खपणा पुराव्यानिशी पटवून द्यायची वेळ आली. दोघा-तिघांना शेवटपर्यंत पटला नाही, त्यांचा मी मनापासून आभारी आहे आणि त्यांच्यावर चिडलेलोही आहे.

मला मात्र घोर वेगळाच होता. चैत्रात आमच्या भैरोबाची यात्रा. त्या दिवशी वेशीपासून देवळापर्यंत देवाची काठी मिरवत नेतात. वीस हातांचा बांबू, वरून खालपर्यंत रंगीत कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा तुरा. चारी बाजूंनी चौघे दोर धरतात, पण भार एकट्याचा. तो कमरेच्या शेल्यात काठीचं बूड खोवून तिला उभी पेलतो आणि देवळाच्या शिखराला टेकवून भेट घडवतो. काठी भुईला टेकता कामा नये आणि धरणारा अनवाणी पाहिजे. हा मान आमच्या घराण्याचा. घराण्यातला थोरला आणि धडधाकट पुरुष धरणार. आधी माझा बाप, त्याच्या मागं एकोणीस वर्षं मी. आणि माझ्या मागं वयानं कोण, तर पंप तुंबवणारा तो. एकदा काठी त्याच्याकडे गेली की माझ्याकडे परत येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाटीचा आणि सायकलीचा अनुभव होता.

तिसऱ्या आठवड्यात पायांना मुंग्या आल्या. मी म्हटलं, मांडी घालून बसल्यामुळे असेल. पोटऱ्यांत गोळे आले, म्हटलं, थंडीमुळे असतील. डॉक्टरणीचं बोलणं आठवत होतं, पण आपल्याच विद्यार्थ्याचं बरोबर निघणं फार अवघड जातं. मग एके दिवशी देवळात जाऊन घरी आलो तर बायको माझ्या पायांकडे बघत म्हणाली, दुसरी कुठंय? एका पायात चप्पल होती, दुसरा पाय मोकळा. एवढा रस्ता मी तसा चालत आलो आणि मला पत्ता नाही.

मी संतापलो. देवळातून चप्पल चोरतात आणि तीही एकच, म्हणजे गावाची पातळी कुठं गेली बघा. तसाच पारावर गेलो आणि तिथल्या सूचनाफळ्यावर खडूनं सुवाच्य अक्षरांत लिहिलं, की ज्या इसमानं ही नीच कृती केली त्यानं उजव्या पायाची चप्पल मुकाट्यानं आणून ठेवावी, अन्यथा नाव जाहीर करण्यात येईल. नाव मला अर्थातच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूधवाला ती चप्पल मोटारसायकलच्या हँडलला अडकवून घेऊन आला. भर रस्त्यात मधोमध पडली होती म्हणाला. दोन दिवसांनी डावी गेली, ती आमच्याच उंबऱ्याच्या आत सापडली. तिसऱ्या वेळी समोरून येणारी एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, मास्तर, तुमची चप्पल मागं ऱ्हायली. मी वळून बघितलं. दहा पावलं मागं माझी चप्पल माझ्याकडे तोंड करून बसली होती. चोर कोण ते तेव्हा कळलं. पारावर जाऊन फळा पुसावा लागला.

बायकोनं दोन्ही चपला पायाला बांधून दिल्या, परकराच्या जांभळ्या नाडीनं. चपला राहिल्या, पण आता पावलंच ऐकेनात. टाच टेकायची, पुढचा भाग उचलायचाच नाही, चवडा भुईला घासून ठेच लागायची. म्हणून मी गुडघा उंच उचलून पाऊल पुढं टाकू लागलो. ते वरून खाली पडलं की फट् आवाज व्हायचा. गुडघा वर, फट्. गुडघा वर, फट्. आणि मधूनच एखादा झोक. गावानं जो अर्थ काढायचा तो काढला. मास्तर प्यायला लागले. व्यसनमुक्तीवर दर वर्षी भाषण ठोकणारे मास्तर दिवसाढवळ्या झिंगून फिरतात, पायाला परकराच्या नाड्या बांधून.

बायकोच्या कानावर हे किराणा दुकानात आलं, माझ्या कानावर चुलतभावानं आणलं. आणलं म्हणजे काय, तो सकाळी सकाळी आला, माझ्याशी हवापाण्याचं बोलू लागला आणि बोलता बोलता इतका जवळ आला की त्याचं नाक माझ्या मिशीला लागलं. श्वास ओढून घेतला, मागं सरला आणि चिंतेनं म्हणाला, "मास्तर, वास तर न्हाई येत." मग त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. त्यानंच पिकअप काढली. मी पुन्हा त्याच रस्त्यानं नगरला, या वेळी शिव्या न देता.

डॉक्टरणीनं हातोडीनं गुडघे ठोकले, वाजणारा चिमटा घोट्यावर ठेवला, मग मला डोळे मिटायला लावून टाचणी घेतली. पायाला टोचते, टोचलं की हो म्हणा. मी दर वेळी हो म्हणत गेलो, बरोबर वेळेला. पंधरा-वीस वेळा झालं. मला वाटलं, पास. तर ती शांतपणे म्हणाली, "सर, कॉपी करू नका." माझा डावा डोळा किंचित किलकिला होता. मग तिनं माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि मी नापास झालो. दोन्ही पाय, घोट्याच्या वरपर्यंत.

तिनं समजावून सांगितलं. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, सगळ्यात लांब जी वस्ती असते तिथली लाईट आधी जाते ना सर, तसंच. पायांच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून पाय आधी. यावर औषध नाही. रोज व्यायाम करायचा, चवडा वर धरायला प्लॅस्टिकचा पट्टा घालायचा, धीर धरायचा. काही परत येईल, किती येईल ते आज सांगता येणार नाही. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, कारण काही टोचलं, भाजलं तर कळणार नाही. व्यायामात पाय लांब करून बसायचं आणि पायाचे अंगठे हातानं धरून चवडे आपल्याकडे ओढायचे. सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. एकतीस वर्षांत मी किती पोरांना अंगठे धरायला लावले असतील, त्याचा सगळा हिशेब एका पोरीनं पुरा केला.

काठीचं मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. बायकोनं विचारलं. डॉक्टरीण नको म्हणाली.

आठ दिवसांनी चुलतभाऊ घरी आला. खाली बघत म्हणाला, की यंदा काठी मी धरतो, तुमी म्होरं चाला, मान तुमचाच. झालं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तळपायात दुसरं काही उरलं नव्हतं, आग तेवढी होती.

मी म्हणालो, "नोझल तू तुंबवलंस, पाय माझे गेले. आता काठीपण तुलाच?"

तो उठला आणि गेला. बाहेर येऊन बघतो तर ओट्यावर कोरा करकरीत पंप, खोक्यातून नुकताच काढलेला, आणि नोझलजवळ दोऱ्यानं बांधलेली टाचणी. मी त्या पंपाला लाथ मारली. नाडी तुटून चप्पल उडाली, पंप तसाच राहिला. माझं चुकलं हे मला तेव्हाच कळलं होतं, पण ते कबूल करायला मला पुढं बराच काळ लागला.

आता बायकोला पटवायचं होतं. ती रोज संध्याकाळी माझ्या पायांना तिळाचं तेल चोळायची आणि चोळून झालं की परीक्षा घ्यायची. डोळे मिटा. कुठलं बोट धरलंय सांगा. पहिले काही दिवस मी काहीबाही सांगत होतो, ती बोट सोडून द्यायची. मग एके दिवशी माझ्या मास्तरकीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती ओळीनं धरायची. आधी डावा पाय, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग उजवा, तसाच. पदर सावरून ती वाकली की बांगड्या वाजायच्या, ते एक बोट झालं. परत वाजल्या, दुसरं. इतका सोपा पेपर मी आयुष्यात कधी काढला नव्हता. एकदम पैकीच्या पैकी घेतले तर संशय यायचा, म्हणून पहिल्या दिवशी चार बरोबर, दोन दिवसांनी सहा, असं करत पाडव्याला दहाच्या दहा.

ती मिनिटभर माझे पाय धरून बसली. मग उठली, देवघरापाशी गेली, आणि दुसऱ्या दिवशी भैरोबाला नारळ फोडून आली. नवस बोलली होती म्हणे. प्रसादाचा तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला तेव्हा एकदा मनात आलं की सांगून टाकावं. पण खोबरं तोंडात होतं आणि यात्रा पंधरा दिवसांवर. तिनं भावकीत सगळ्यांना निरोप धाडला, की यांचे पाय आले, काठी हेच धरतील.

यात्रेच्या दिवशी ऊन कडक होतं. वेशीत मी चपला काढल्या, पट्टे काढले, शेला बांधला. चौघांनी दोर धरले, त्यातला एक चुलतभाऊ. काठी कमरेला खोवली आणि मला एकदम बरं वाटलं. हातांत जोर होता. खाली बघायचंच नव्हतं, काठी पेलणारा नेहमी तुऱ्याकडे बघतो. हलगी सुरू झाली आणि मी निघालो. गुडघा वर, फट्. गुडघा वर, फट्. हलगीवाल्यांनी चार पावलं बघितलं आणि माझ्या फट् फट्वर ठेका धरला. तो ठेका इतका जमला की पुढं नाचणारी पोरं गुडघे उचलून तशीच चालू लागली. मग त्यांच्यामागची मोठी माणसं. वेशीपासून शाळेपर्यंत सगळं गाव गुडघा वर, फट् करत चाललंय. कोणी म्हणालं, मास्तरांच्या अंगात आलंय. बायका हात जोडू लागल्या. आयुष्यभर अंगात येण्यामागचं विज्ञान समजावत फिरलो, आणि त्या दिवशी तुऱ्याकडे बघत मी एका शब्दानं कोणाची चूक दुरुस्त केली नाही. सुख वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

काठी एकदाही भुईला टेकली नाही. शिखराला भेट झाली, गुलाल उधळला, भैरोबाच्या नावानं चांगभलं झालं, आणि मी काठी देवळाच्या भिंतीला लावून पायरीवर बसलो. मनात म्हटलं, घ्या.

तेवढ्यात मागं गलका ऐकू आला. मी आलो त्या वाटेवर बायका वाकून भुईला हात लावत होत्या. काहींनी हळदीकुंकू काढलं होतं. फरशीवर लाल पावलं उमटलेली. एका पायाचीच, उजव्या, थेट शाळेपासून देवळापर्यंत. देव मास्तरांच्या रूपानं चालत आला, असं एक बाई दुसरीला सांगत होती. मला हसूच आलं. गुलालात पाय पडला असेल, म्हटलं.

बायको त्या पावलांच्या कडेनं चालत येत होती. तिनं कोणाला हात लावू दिला नाही आणि स्वतःही लावला नाही. माझ्यासमोर आली, खाली बसली आणि माझा उजवा पाय उचलून तळवा वर केला. टाचेत बाटलीची काच होती. चांगली बोटाच्या पेराएवढी, आत रुतलेली, आणि माझ्या बसल्या जागी पायरीवर थारोळं.

मी त्या काचेकडे बघितलं. दुसऱ्या कोणाच्या तरी पायाकडे बघावं तसं बघितलं.

चुलतभाऊ दोर टाकून धावत आला होता. तो तिथंच फतकल मारून बसला, माझा पाय त्यानं मांडीवर घेतला आणि काच उपसली. उपसताना स्वतःचाच चेहरा असा वाकडा केला की जणू त्याच्या टाचेतून निघतेय. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, दुखतंय का. मी नाही म्हणालो.

"दुखाया पायजे हुतं, मास्तर," तो म्हणाला आणि भर यात्रेत, अंगावर गुलाल, साठीचा माणूस हमसून रडायला लागला.

बायको रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "अवो," ती म्हणाली, "रोज डोळे मिटून सांगत होतात, ते?"

आता लपवून काय करणार होतो.

"तू ओळीनं धरत होतीस," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. डोक्यावरचा पदर काढून फाडला, माझ्या टाचेला करकचून बांधला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो नवसाचा नारळ आठवला की मला आजही लाज वाटते. मी आयुष्यात पुष्कळांना रागानं दुखावलं, त्याचं फारसं वाटलं नाही. पण तिला मी हुशारीनं फसवलं.

टाचेला पाच टाके पडले. डॉक्टरणीनं समोर बसून वीसच्या जागी चाळीस वेळा अंगठे धरायला लावले आणि मोजले. गावात ती लाल पावलं पुढं महिनाभर कोणी पुसू देत नव्हतं. मी पारावरच्या फळ्यावर सविस्तर लिहिलं, की हे रक्त असून त्यामागं चमत्कार नाही, मज्जातंतूंची इजा आहे. खाली आकृतीही काढली. तर लोकांनी त्या फळ्याला हार घातला.

पुढच्या चैत्रात काठी चुलतभावानं धरली. मी स्वतः त्याच्या कमरेला शेला बांधला. मी बूट घालून, पट्टे लावून, त्याच्या पुढं वाटेवरचे खडे आणि काचा खराट्यानं लोटत चाललो. गुडघा मी अजून जरा उंचच उचलतो, आणि ठेका गावानं सोडलेला नाही. काठी धरणारा नीट सरळ चालत होता आणि त्याच्याभोवती सगळं गाव गुडघा वर, फट् करत होतं. पंपाची टाचणी मी दोऱ्यासकट जपून वापरतो. तो पंप त्यानं दोनदा मागून नेला, दोन्ही वेळा न धुता आणला.

बायको अजून रोज संध्याकाळी तेल चोळते आणि परीक्षा घेते. आता बांगड्या काढून ठेवते आणि बोटं वाटेल तशी धरते. मी वर्षभर नापास. परवा डोळे मिटून बसलो होतो, आणि एकदम उजव्या पायाकडून काहीतरी आलं. लांबून, शेजारच्या वस्तीवरून कोणी हाक मारावी तसं. मी घाबरून हललोच नाही.

"करंगळीशेजारचं," मी म्हणालो.

"मधलं हाय," ती म्हणाली. "चुकलं."

"पण धरलंयस," मी म्हणालो. "काहीतरी धरलंयस, ते कळलं मला."

मी डोळे उघडले नाहीत, कॉपी नको म्हणून. तिनं ते बोट बराच वेळ सोडलं नाही.